बंदोबस्तानंतरचा जबाब: आधी नळकांडी मोजा

पोरांनो, जबाब लिहायला बसण्याआधी अश्रुधुराची नळकांडी मोजा. मी मोजली नव्हती. तापीकाठचं बाजाराचं गाव, मे महिना, दगडफेक सुरू, गॅसगन माझ्याकडे. "दोन फोडली," असं मी साहेबांना छातीठोक सांगितलं. पिशवीत चार कमी निघाली. ती गन दर वेळी उघडून भरावी लागते. म्हणजे आणखी दोनदा मी भरली, रोखली, चाप ओढला, आणि डोक्यात त्याचा मागमूस नाही. शेजारचा म्हणाला, "माले तं एक बी आवाज ऐकू उना नही."

खोटं कोणीच बोलत नव्हतं. जिवावर बेतलं की ॲड्रेनलिन उसळतं, नजर एखाद्याच हातावर, दगडावर खिळते, कान बंद होतात. बाकीचं मेंदू नीट साठवतच नाही. मला अर्धा तास वाटलेला तो प्रकार वायरलेसच्या नोंदीत सात मिनिटांचा होता.

म्हणून त्या घडीला साहेबांना लागेल तेवढंच सांगा: जखमी कोण, कुठे, काय वापरलं, किती उरलं. सविस्तर जबाब जमल्यास एक झोप झाल्यावर. (स्टेशन डायरी काही तुमच्या झोपेसाठी थांबत नाही, ती नोंद लगेच.) मधे टपरीवर चहा प्या, पण "तू काय पाहिलंस?" नको. ग्रुपवरचा व्हिडिओ आधी उघडू नका. नंतर पाहिलात तर 'हे व्हिडिओवरून कळलं' असं वेगळं लिहा. आमच्या वेळी व्हिडिओ नव्हते, रायटर होता, म्हणजे सगळ्यांचे जबाब लिहून काढणारा ठाण्यातला पोलीस. बारा जणांचे जबाब कानामात्रेसकट सारखे! कोर्टात वकिलाने तेवढंच वाचून दाखवलं.

जबाब घेणाऱ्याने "त्याच्या हातात कोयता होता ना?" असं विचारूच नये. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 मध्ये दाखवलं की गाड्यांच्या टकरीची तीच फिल्म पाहिलेल्यांना प्रश्नात जोराचा शब्द वापरून विचारलं, की ते वेगही जास्त सांगतात. त्यापेक्षा असं म्हणा: "सकाळच्या हजेरीपासून सांग. ऊन कुठून होतं? वास कसला येत होता?" मग शेवटाकडून उलटं. लाठी खाल्लेल्या पोरालाही असंच विचारा. त्याचे 'वीस पोलीस' आणि माझी 'दोन नळकांडी' एकाच भीतीतून आलेली.

आठवत नाही तिथे 'आठवत नाही' लिहा. आणि कच्चा नकाशा स्वतःच्या हाताने काढा. मी कुठे उभा होतो ते मला तेव्हाच कळलं: केळीच्या ट्रकमागे. तिथून चौक दिसतच नव्हता.