‘ऑफ माइस अँड मेन’मधल्या संघर्षावर लिहिताना या चुका टाळा

जॉन स्टाइनबेकची १९३७ सालची ही लघुकादंबरी एका बैठकीत वाचून होते. सहा प्रकरणं, कॅलिफोर्नियातल्या सोलेदादजवळची एक रँच, मोजकी पात्रं. त्यातले जॉर्ज आणि लेनी हे सोबत भटकणारे दोन मजूर; लेनी अंगाने धिप्पाड पण बुद्धीने मंद, आणि दोघांचं स्वप्न स्वतःच्या जमिनीच्या तुकड्याचं, जिथे लेनी ससे पाळेल. त्यामुळे ‘पात्रांमधील संघर्षाचे प्रकार लिहा’ हा प्रश्न सोपा वाटतो आणि उत्तर ठरलेल्या साच्यात जातं: व्यक्ती विरुद्ध व्यक्ती, व्यक्ती विरुद्ध समाज, व्यक्ती विरुद्ध स्वतः, प्रत्येकाखाली एकेक उदाहरण. उदाहरणं बहुधा बरोबर असतात. पण भांडण निघालं कुठून आणि जाऊन पडलं कुणाच्या अंगावर, हे त्यात येत नाही, आणि या पुस्तकाचा सगळा जीव तिथेच आहे.

कर्ली–लेनीची मारामारी एकटी उचलणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कर्ली हा रँचमालकाचा मुलगा. ‘कर्ली भांडखोर आहे, म्हणून तो लेनीला मारतो’ असं लिहून लोक पुढे जातात. तिसऱ्या प्रकरणात मागे जाऊन क्रम पाहा. कर्लीला संशय असतो रँचवरच्या स्लिम या गड्यावर, बायकोवरून. स्लिम त्याला झापतो आणि कर्ली मवाळ होतो. लगेच कार्लसन हा दुसरा गडी त्याची टर उडवतो, उलट दमही देतो. मग म्हातारा कँडीसुद्धा त्याच्या व्हॅसलीन भरलेल्या हातमोज्यावरून टोमणा मारतो. तिघांपैकी एकावरही कर्ली हात उचलत नाही. नजर फिरत फिरत लेनीवर येते. लेनी हसत असतो, पण ते जमिनीच्या आणि सशांच्या विचारात. कर्लीला वाटतं, हा आपल्यालाच हसतोय.

आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात, ते हेच. लेनी धिप्पाड असला तरी उलटून मारणारा नाही, हे कर्लीने ताडलेलं असतं. लेनी खरोखरच मार खात राहतो; जॉर्ज ओरडून सांगतो तेव्हाच तो कर्लीची मूठ पकडतो, आणि मग भीतीने सोडायचं त्याला सुचत नाही. हाताचा चुरा होतो. पुढे ‘हात यंत्रात सापडला’ असं सांगायला स्लिम कर्लीला भाग पाडतो. मालकाच्या मुलाला एक खेचरं हाकणारा गडी गप्प करतो, हाही संघर्षच आहे, आणि उत्तरांतून तो जवळजवळ नेहमी सुटतो.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक झटापटीपुढे चार गोष्टी लिहा: कुणाला काय हवं होतं, आड कोण आलं, हत्यार काय होतं (मूठ, शब्द की अधिकार), आणि राग मुळात कुणावरचा होता. चौथी जागा रिकामी राहिली, तर त्या प्रसंगाच्या आधीची दोन-तीन पानं पुन्हा वाचा.

क्रुक्सच्या खोलीतला प्रसंग फक्त ‘वर्णभेद’ या शीर्षकाखाली टाकणं

वर्णभेद तिथे आहेच, तो वगळून काही लिहिता येणार नाही. पण चौथ्या प्रकरणात एकाच रात्री बाजू चार वेळा पालटते. क्रुक्स हा रँचवरचा कृष्णवर्णीय तबेलेवाला आधी लेनीला दारातच अडवतो. मग ‘जॉर्ज परत आलाच नाही तर?’ असं विचारून त्याला छळतो: आयुष्यभर जे त्याने सोसलं, ते त्याला प्रथमच दुसऱ्याला देता येतं. लेनी चवताळून अंगावर येतो तेव्हा क्रुक्स मागे सरतो. नंतर जमिनीचं स्वप्न त्यालाही ओढतं आणि तो फुकट राबायला तयार होतो. शेवटी कर्लीची बायको येते. तो तिला बाहेर जायला सांगतो, तेव्हा ती त्याला झाडाला टांगवण्याची धमकी देते आणि तो आपली इच्छा मागे घेतो. ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही, तिच्या हाती या एका माणसापुरती जीवघेणी सत्ता आहे. त्याच खोलीत कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची १९०५ सालची जीर्ण प्रत ठेवलेली असते. कायदा हाताशी असूनही त्या क्षणी त्याच्या कामाला येत नाही, एवढं एक वाक्य लिहिलंत तरी उत्तराची उंची वाढते.

कर्लीच्या बायकोचा मृत्यू ‘व्यक्ती विरुद्ध व्यक्ती’ ठरवणं

इथे वैर नाही. तिला कुणाशी तरी बोलायचंय. लेनीला जॉर्जने तिच्याशी बोलायला मना केलंय. केसांना हात लावायला तीच सांगते. ती ओरडते, आणि जॉर्ज आपल्याला सशांची निगा राखू देणार नाही या भीतीने तो तिचं तोंड दाबतो. टक्कर आहे ती तिचा एकटेपणा आणि त्याची भीती यांची. ‘खून’ हा शब्द वापरण्याआधी दोनदा विचार करा.

जॉर्जचं अंतर्द्वंद्व शेवटच्या प्रकरणापासून सुरू करणं

ते पहिल्याच संध्याकाळी दिसतं. लेनी नसता तर आपण किती सुखात राहिलो असतो, हे जॉर्ज संतापून बोलतो आणि लगेच त्याला लाज वाटते. मधला दुवा आहे कँडीचा कुत्रा. कार्लसन त्याला आपल्या ल्यूगर पिस्तुलाने मारतो, आणि आपल्या कुत्र्याला आपणच मारायला हवं होतं, अशी खंत कँडी जॉर्जपाशी बोलून दाखवतो. जॉर्ज शेवटी तेच पिस्तूल वापरतो, तसंच मागून. हा दुवा न देता ‘जॉर्जने मित्राला मारलं’ लिहिलं तर निर्णय अचानक घेतल्यासारखा दिसतो.

‘माणूस विरुद्ध समाज’ आकड्यांशिवाय लिहिणं

मंदी, गरिबी, शोषण हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात. इथे हिशेब पानावरच आहे. महिन्याची मजुरी ५० डॉलर. जमिनीची किंमत ६००. हात गमावल्याबद्दल कँडीला मिळालेले २५०, साठवलेले ५० आणि महिनाअखेरचे ५० मिळून ३५०. जॉर्ज-लेनीचे महिन्याचे १०० धरले की ४५०, आणि तेवढ्यावर सौदा जमेल असं जॉर्ज म्हणतो. स्वप्न एका महिन्यावर आलेलं असतं.

‘माणूस विरुद्ध निसर्ग’ हा प्रकार ओढूनताणून घालू नका. नदीकाठचा डोह आणि झाडी इथे आसरा आहेत.

तपशिलाच्या चुकाही गुण घालवतात. कर्ली मालक नाही, मालकाचा मुलगा आहे. स्लिम मुकादम नाही; त्याचा मान त्याच्या कसबातून आलेला आहे. कर्लीच्या बायकोला लेखकाने नाव दिलेलं नाही, तेव्हा तुम्हीही देऊ नका. लेनीने एका मुलीचा लाल पोशाख धरून ठेवल्याचा प्रसंग या रँचवरचा नाही, त्याआधीचा, वीड गावातला आहे.