मुलं सोबत नसताना फॅमिली राइड्सची मजा कशी घ्यावी

मोठी माणसं मुलांशिवाय थीम पार्कमध्ये गेली की पाय थेट रोलर कोस्टरकडे वळतात. फिरते घोडे, होडीची सफर, भुताचा वाडा वगैरे 'लहानांचं' म्हणून राहूनच जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पार्कातली सगळ्यात देखणी कारागिरी बऱ्याचदा तिथेच असते. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केलं, तेच मुळी आईवडील आणि मुलं यांना एकत्र मजा करता यावी म्हणून. तेव्हा तिथल्या राइडमध्ये बसायला सोबत मूल असायलाच हवं, असं मनात आणू नका.

आधी नियम बघा. बहुतेक पार्कांत अडचण येत नाही, पण लेगोलँड डिस्कव्हरी सेंटरसारख्या इनडोअर केंद्रांत मुलाशिवाय आलेल्या प्रौढांना एरवी प्रवेश नसतो. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवतात. काही चिमुकल्या राइड्सना उंचीची कमाल मर्यादाही असते. वेबसाइटवर कळलं नाही तर दारावरच विचारा.

वेळ साधा. गेट उघडल्यावरचा पहिला तास उत्तम. परेड सुरू असताना किंवा रात्री उशिरा, लहान मुलांची कुटुंबं घरी परतू लागली की, रांगा पुन्हा कमी होतात. एकट्या माणसासाठीची वेगळी रांग मोठ्या राइड्सनाच जास्त आढळते, तिच्यावर विसंबू नका.

आता मुख्य काम: नीट बघणं. मुलाला धरून बसायचं नसल्यामुळे तुमचे डोळे मोकळे असतात. फिरत्या घोड्यांवर चढण्याआधी एक फेरी बाहेरून बघा. जुन्या लाकडी घोड्यांची प्रेक्षकांकडची बाजू जास्त नक्षीदार कोरलेली असते, आतली साधी. अमेरिकेतले घोडे सहसा घड्याळाच्या उलट फिरतात, ब्रिटनमधले घड्याळाप्रमाणे. म्हणून नटलेली बाजू अमेरिकेत घोड्याची उजवी, ब्रिटनमध्ये डावी. वेग हवा असेल तर कडेचा घोडा पकडा, एका फेरीत तोच सगळ्यात जास्त अंतर कापतो.

अंधारातल्या राइडमध्ये तर बघावं तेवढं थोडं. डिस्नेलँडच्या १९६९ च्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये दिवाणखान्यात नाचणारी पारदर्शक भुतं दिसतात. ती असतात नजरेआड ठेवलेल्या पुतळ्यांची प्रतिबिंबं, समोरच्या भल्यामोठ्या काचेत पडलेली. हीच युक्ती जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर गाजवली होती. हाँटेड मॅन्शनमधल्या गाड्या एका अखंड साखळीत चालतात आणि दाखवायचं असेल तिकडे तुमची खुर्चीच वळवतात. पहिल्यांदा बसाल तेव्हा भुतांना घाबरा, मनसोक्त ओरडा. दुसऱ्यांदा प्रकाश कुठून येतोय आणि आवाजाचा स्पीकर कुठे दडवलाय ते शोधा. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही होडीची सफर १९६४ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनली. त्या सफरीत डिस्नेच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांची रंगसंगती बघत जा: एका दालनातून दुसऱ्यात जाताना रंगांचा सगळा नूरच पालटतो. त्यासाठी मोबाइल खिशात ठेवलेला बरा. फ्लॅश तर कधीच नको, सगळ्यांचाच अंधार मोडतो.

लाज वाटली तर? रांगेत बाकीच्यांचं लक्ष आपापल्या पोरांकडे असतं, तुमच्याकडे कुणी बघत नाही. मित्राला सोबत घ्या, एकटे असाल तरी खुशाल बसा.

थोडं भान मात्र हवं. पुढची सीट किंवा आवडता घोडा एखाद्या मुलाला हवा असेल तर लगेच देऊन टाका. दुसऱ्यांची मुलं फोटोत येणार नाहीत असं बघा. आतली युक्ती कळली तरी मोठ्याने फोडू नका. मागच्या गाडीतलं पोर कदाचित पहिल्यांदाच भूत बघत असेल.