व्हिएतनामी साम्यवादाचा अभ्यास कसा करावा: आधी मीठ, मग मार्क्स

आमच्या अभ्यासिकेत ‘व्हिएतनाममध्ये साम्यवादाचा उदय कसा झाला’ हा परीक्षेचा प्रश्न निघाला की पोरं वहीचं पहिलं पान मार्क्सने भरतात. ते पान फाडा. 1930 साली न्घे आन प्रांतातल्या शेतकऱ्याने कुठला जाहीरनामा वाचलेला नव्हता; त्याला डोईपट्टी ठाऊक होती आणि मिठाचा भाव. व्हिएतनाम तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती, म्हणून सुरुवात फ्रेंच वसुलीपासून करा. गव्हर्नर जनरल पॉल दूमेर (1897–1902) याने मीठ, अफू आणि दारूची मक्तेदारी पक्की केली. घरी तांदळाची दारू गाळणं गुन्हा ठरलं आणि मक्तेदाराची दारू गावांच्या गळ्यात मारली गेली. इथे दांडी आठवेल. एका ओळीत उरका, पुढे चला.

मग साम्यवाद्यांखेरीज फ्रेंचांविरुद्ध उठलेल्या, पण हरलेल्यांची यादी करा. हीच पायरी सगळे गाळतात, आणि उत्तर तिथेच पांगळं होतं. फान बोई चाऊने तरुणांना शिकायला जपानला धाडलं. 1909 मध्ये जपानने त्यालाच बाहेर काढलं. फान चू त्रिन्ह फ्रेंचांकडेच सुधारणा मागत राहिला. 1927 ला निघालेल्या राष्ट्रवादी पक्षाने 10 फेब्रुवारी 1930 ला येन बायच्या छावणीत बंड केलं, ते फसलं, आणि 17 जूनला पक्षाचा नेता न्गुयेन थाय होक आणि त्याचे 12 साथीदार गिलोटिनवर गेले. त्याच फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये विखुरलेले साम्यवादी गट एका पक्षात आले. या दोन घटना वहीत शेजारी-शेजारी लिहा. एकाचं घर बसलं तेव्हा दुसऱ्याचं उभं राहत होतं.

नावांचा घोळ आधीच मिटवा. न्गुयेन आय क्वोक आणि हो चि मिन्ह हा एकच माणूस, व्हिएतनामी साम्यवाद्यांचा नेता. 1919 मध्ये त्याने व्हर्सायच्या शांतता परिषदेपुढे मागण्यांचा अर्ज ठेवला, त्याला कुणी भीक घातली नाही. पुढच्या जुलैत पॅरिसच्या वर्तमानपत्रात त्याने वसाहतींविषयी लेनिनचं टिपण वाचलं आणि डिसेंबरात फ्रेंच समाजवादी पक्ष फुटला त्या तूर शहरातल्या अधिवेशनात तो फ्रेंच कम्युनिस्टांबरोबर गेला. त्याला आधी देश हवा होता; वसाहतींबद्दल ठामपणे बोलणारा पक्ष त्याला हा एकच दिसला. (त्या टिपणाला जोड म्हणून मानवेंद्रनाथ रॉय यांचीही पुरवणी होती. एवढा धागा उत्तरात टाकला तर शोभतो.)

आता न्घे तिन्हपाशी, म्हणजे न्घे आन आणि शेजारचा हा तिन्ह या प्रांतांपाशी, थांबा. 1930 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथले शेतकरी कचेऱ्यांवर चालून गेले, करांची दप्तरं जाळली. अधिकारी पळाले तिथे गावसमित्यांनी सार्वजनिक जमीन वाटली, खंड कमी केला, साक्षरतेचे वर्ग काढले. 12 सप्टेंबरला मोर्चावर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. 1931 मध्ये सगळं चिरडलं गेलं. पण पकडलेली माणसं पुलो कोंदोर बेटावरच्या तुरुंगात एकत्र आली आणि तिथे त्यांनी अभ्यासवर्ग चालवले. पक्ष टिकला तो या कोठड्यांमुळे, असं माझं मत.

1941 ला वळण येतं, ते नीट पकडा. चीनच्या सीमेजवळच्या पाक बो इथल्या पक्षाच्या बैठकीत जमीनदारविरोधी घोषणा मागे ठेवून व्हिएत मिन्ह ही सर्वांना सामावणारी आघाडी उभी केली. मग 1944–45 चा दुष्काळ: माणसं लाखांनी मेली, आणि व्हिएत मिन्हने तांदळाची कोठारं फोडायला लोकांना पुढे केलं. मार्च 1945 मध्ये जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथली, ऑगस्टमध्ये जपान स्वतः शरण गेला. मधल्या पोकळीत घुसायला संघटना फक्त यांचीच तयार होती. 2 सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्याची घोषणा झाली.

दिएन बिएन फूकडे, म्हणजे फ्रेंच हरले त्या 1954 च्या लढाईकडे, धावू नका. प्रश्न उदयाचा आहे. त्याऐवजी सायगावच्या ट्रॉट्स्कीवाद्यांवर (स्टालिनविरोधी साम्यवाद्यांवर) दोन ओळी खर्च करा. त्यांचा नेता ता थू थाऊ 1945 मध्येच व्हिएत मिन्हच्या हातून मारला गेला. प्रतिस्पर्धी फ्रेंचांनी संपवले तसे काही यांनीही संपवले. हे लिहिलं म्हणून कुणी मार्क कापत नाही.