प्रत्यारोपित किडनीचा बायोप्सी रिपोर्ट कसा वाचावा

आईने, भावाने किंवा पत्नीने दिलेली किडनी बसवल्यावर क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढू लागले की घरात सर्वांत आधी ‘रिजेक्शन’, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणे, हा शब्द उच्चारला जातो. तेवढी घाई करू नये. क्रिएटिनिनवरून किडनीचे काम मंदावल्याचे कळते, कारण कळत नाही. मे महिन्याच्या उन्हात गोंदियाहून किंवा चंद्रपूरहून एसटीने नागपूरला आलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन निव्वळ शरीरातले पाणी कमी झाल्यानेही चढलेले असू शकते. म्हणून बायोप्सीआधी (किडनीचा तुकडा काढून तपासण्याआधी) लघवीचे कल्चर, डॉपलर सोनोग्राफी आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी पाहतात. पातळीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे, अन्यथा आकडा फसवा येतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तारीख ठरतानाच डॉक्टरांना सांगावे. ती स्वतःहून बंद करू नये.

नवी किडनी ओटीपोटात, त्वचेपासून फार खोल नसते. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुईने जो तुकडा काढतात तो शेवईच्या काडीएवढा बारीक असतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये पहिल्यांदा शोधावी ती ग्लोमेरुलसची, म्हणजे रक्त गाळणाऱ्या गुच्छांची, संख्या. १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ येथे सुरू झालेल्या वर्गीकरणानुसार किमान १० ग्लोमेरुलस आणि २ धमन्या असल्या तर नमुना पुरेसा धरतात. नमुना अपुरा असेल तर ‘रिजेक्शन आढळले नाही’ या वाक्यावर फार विसंबू नये.

पुढे ० ते ३ गुण दिलेली अक्षरे येतात. आय, टी आणि व्ही ही अक्षरे अनुक्रमे ऊतीतली, नलिकांतली आणि धमन्यांतली सूज सांगतात. त्यांचे गुण चढलेले असले तर बहुधा टी-पेशींचे (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) रिजेक्शन असते आणि त्यावर सहसा आधी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. जी आणि पीटीसी (ग्लोमेरुलसमधल्या आणि नलिकांभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतली सूज) तसेच सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण असलेले प्रथिन) वाढलेले असतील तर संशय अँटिबॉडीवर जातो, आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्तचाचणी करावी लागते. सी४डी निगेटिव्ह असले म्हणून असे रिजेक्शन नाहीच, असे समजू नये. पती किंवा मुलाकडून किडनी घेतलेल्या स्त्रीबाबत तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण गरोदरपणातच तिच्या शरीरात अशा अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: ‘एसव्ही-४० चा स्टेन केला आहे का?’ हा स्टेन, म्हणजे नमुन्यावरची रंगचाचणी, बीके नावाचा विषाणू शोधण्यासाठी करतात. बीके विषाणूच्या संसर्गातही नलिकांभोवती तशीच सूज दिसते, पण उपचार नेमका उलटा असतो. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवतात, तर येथे ती कमी करावी लागतात. चूक झाली तर औषधच किडनीवर उलटते.

अक्षराआधी सी लागला, जसे सीआय, सीटी, सीजी, की ती जुनी इजा, म्हणजे मागे राहिलेला व्रण, समजावी. व्रण औषधाने भरून येत नाहीत. म्हणून सूज किती आणि व्रण किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, कारण पुढचे औषध कितपत गुण देईल याचा अंदाज त्यावरूनच येतो. लहान धमन्यांच्या भिंतीत हायलिन (काचेसारखा दिसणारा प्रथिनांचा थर) साचले असेल तर टॅक्रोलिमसचा दीर्घकाळचा परिणाम, रक्तदाब आणि मधुमेह या तिन्हींचा विचार होतो. आयजीए किंवा एफएसजीएससारखा (दोन्ही ग्लोमेरुलसचे आजार) मूळ आजारही नव्या किडनीत परतू शकतो, तेव्हा पहिल्या आजाराचे जुने कागद सोबत न्यावेत.

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबच्या पायरीवर बसलेल्या, मुलाला किडनी दिलेल्या आईने मला विचारले होते, “माझीच किडनी कच्ची निघाली का जी?” रिजेक्शन घडवते ते घेणाऱ्याचे शरीर, त्यात दात्याचा दोष नसतो, आणि हे तिला कोणीच सांगितले नव्हते. डॉक्टर रिपोर्ट समजावतील तेव्हा दात्यालाही आत बोलवावे. दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात उरलेला तुकडा जपलेला असतो) मागून घ्यावा, आणि तोवर चालू औषधांची एकही मात्रा चुकवू नये.