प्रवाळांच्या सागरी टाकीत सक्रिय कार्बन कसा वापरावा

प्रवाळ असलेल्या सागरी टाकीचे पाणी काही महिन्यांत फिकट पिवळसर दिसू लागते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजणारे शेवाळ यांतून पाण्यात विरघळणारी सेंद्रिय द्रव्ये हे त्याचे कारण असते, आणि प्रोटीन स्किमरच्या (हवेच्या बुडबुड्यांनी फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या उपकरणाच्या) तावडीतून त्यांतली बरीचशी सुटतात. सक्रिय कार्बन ती आपल्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र तो काढत नाही, त्यामुळे नियमित पाणी बदलण्याला किंवा जैविक गाळणीला त्याचा पर्याय समजू नये.

पाणी नितळ होणे हा दिसणारा फायदा झाला. माझ्या मते त्याहून मोलाचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. सार्कोफायटन, सिन्युलारिया यांसारखी मऊ प्रवाळे शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी टर्पीन वर्गातली विषारी रसायने सोडतात. समुद्रात ती प्रवाहाबरोबर विरून जातात, पण 200 लिटरच्या बंद टाकीत साचत राहतात आणि जवळची दगडी प्रवाळे आपले पॉलिप (फुलासारखे उमलणारे छोटे जीव) मिटून घेतात किंवा त्यांची वाढ खुंटते. मऊ आणि दगडी प्रवाळे एकत्र असलेल्या टाकीत म्हणूनच कार्बन कायम असावा. (भारतातील वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की प्रवाळभित्ती उभारणारी दगडी प्रवाळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ती समुद्रातून काढणे गुन्हा आहे.)

कार्बन निवडताना घरच्या पाणी शुद्धीकरण यंत्रातला माल उचलून आणू नये. त्यात बहुधा नारळाच्या करवंटीचा कार्बन असतो. त्याची छिद्रे फार बारीक असल्यामुळे तो क्लोरीन उत्तम काढतो, पण पाणी पिवळे करणारे मोठे रेणू त्यात सहज शिरत नाहीत. बिट्युमिनस कोळशापासून केलेला, आम्लाने धुतलेला दाणेदार कार्बन मत्स्यपालनासाठी अधिक योग्य ठरतो. काही कार्बनमधून फॉस्फेट पाझरते, म्हणून नवीन माल आणल्यावर त्याचे चमचाभर दाणे पेलाभर ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवावेत आणि सकाळी फॉस्फेट तपासून नुसत्या खाऱ्या पाण्याच्या मापाशी ताडून पाहावे.

साधारणपणे 100 लिटर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम कार्बन पुरतो. टाकीत तो प्रथमच घालत असाल, तर निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करावी, कारण पाण्याचा पिवळेपणा एकदम गेला की प्रवाळांपर्यंत पोहोचणारा प्रकाश अचानक वाढतो आणि सवय नसलेली प्रवाळे पांढरी पडू शकतात. सुरुवातीचे काही दिवस दिव्यांची तीव्रता थोडी कमी ठेवणे हिताचे असते.

वापरण्यापूर्वी कार्बन आरओडीआय (क्षार आणि अशुद्धी जवळजवळ पूर्ण काढून टाकलेल्या) पाण्यात, काळी भुकटी निघणे पूर्ण थांबेपर्यंत धुवावा. यात घाई करू नये. सर्जनफिशच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेवर) खड्डे पडण्याच्या विकाराचा या भुकटीशी संबंध प्रयोगातून आढळला आहे. धुतलेला कार्बन बारीक जाळीच्या पिशवीत भरून संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, गाळणी वगैरे ठेवण्याच्या वेगळ्या टाकीत), गाळणीच्या मोज्यानंतर (कचरा अडवणाऱ्या कापडी पिशवीनंतर) आणि पाणी जोरात वाहते त्या ठिकाणी ठेवावा. रिअ‍ॅक्टर (ज्यात भरलेल्या कार्बनमधून पंपाने पाणी फिरवतात ते नळकांडे) वापरत असाल, तर पाण्याचा वेग इतकाच ठेवावा की सर्वांत वरच्या थरातले दाणे जेमतेम हलतील. दाणे उसळू लागले, तर एकमेकांवर घासून त्यांची पुन्हा भुकटी होते आणि धुण्याचे सारे श्रम वाया जातात.

कार्बन तीन ते चार आठवड्यांनी बदलावा. घरच्या ओव्हनमध्ये भाजून तो पुन्हा सक्रिय होत नाही. त्यासाठी कारखान्यातले कित्येक शे अंशांचे तापमान लागते. बदलण्याची वेळ झाली का हे पाहायचे असेल, तर पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा टाकीच्या एका टोकाला पाण्यात धरावा आणि दुसऱ्या टोकाच्या काचेतून पाहावा. तो पिवळट दिसला, तर महिना भरण्याची वाट पाहू नये.

टाकीत औषध टाकण्यापूर्वी कार्बन काढून ठेवावा, नाहीतर औषधच शोषले जाते. उपचार संपल्यावर ताजा कार्बन लावून उरलेले औषध काढता येते. तांबड्या चपट्या कृमींवर औषध करताना हा ताजा कार्बन आधीच धुऊन हाताशी असावा, कारण मरताना हे कृमी विष सोडतात आणि त्यांची संख्या मोठी असेल, तर काही तासांतच मासे दगावू शकतात.