पातेरा चेपायची थाळी: दंताळ्याच्या दांड्याला बसणारी, गावातच वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या

गोणीत भरलेल्या पातेऱ्यात, म्हणजे झाडांखालच्या वाळक्या पानांत, निम्म्याच्या वर नुसती हवा असते. तांदळाची ५० किलोची जी गोण येते तिच्यात सुटा वाळका पातेरा चार-पाच किलोच्या पुढे सहसा जात नाही, तोंड बांधायला जावं तर वरची पानं बाहेर सांडतात, आणि मग कलमांतून गोठ्यापर्यंत नाहीतर खड्ड्यापर्यंत खेपांवर खेपा. तोच पातेरा नीट चेपला की त्याच गोणीत दुप्पट तरी बसतो. त्यासाठी मशीनबिशीन काही लागत नाही, दंताळ्याच्या नाहीतर फावड्याच्या दांड्याला खालून बसेल अशी एक गोल लोखंडी थाळी पुरते.

आता कोणी म्हणेल की पायाने तुडवला की झालं. आमच्या वाडीतल्या एका काकांचं म्हणणंच ते, "पातेरो चेपूक थाळी कित्याक व्हयी, पाय नाय तुका?" आहेत ना पाय, पण पातेऱ्यात फुरसं असतं, विषारी साप तो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कातळावरच्या बागा ज्यांच्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, जेमतेम हात-दीड हात लांब, रंग असा की वाळक्या पानात दिसतच नाही. शिवाय गोणीच्या आत पाय घालून तुडवलं की शिवण उसवते, आणि काजूच्या सुक्या काटक्या चप्पल फोडून वर येतात ते वेगळंच.

ऑनलाइन अशा चेपण्या मिळतात, प्लास्टिकच्या, रंगीत, फोटोत झकास दिसतात. पण त्यांचा सॉकेट एका ठरावीक मापाच्या पाइपासाठी असतो, आणि आपले दांडे बांबूचे नाहीतर किंजळीचे, हाताने तासलेले, दोन सारखे सापडले तर नशीब. म्हणून पैसे वाया घालवू नका, जो माणूस गेट-ग्रिलचं काम करतो त्याच्याकडे जा, आणि जाताना दांडा बरोबर न्या. माप सांगून करून घेतलं तर सॉकेट एकतर डुगडुगणार नाहीतर बसणारच नाही.

काय सांगायचं ते बघा. ५ मिमी जाडीच्या एमएस (म्हणजे साध्या लोखंडी) पत्र्याची गोल थाळी, व्यास १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंमी. हे माप का ते समजून घ्या म्हणजे वेल्डिंगवाला "हा तुकडा पडलाय, बारा इंचाचा, हाच मारू" म्हणाला तर काय उत्तर द्यायचं ते कळेल. गोण रिकामी असताना जी दोन फूट रुंद दिसते ती भरून गोल झाली की तोंड सव्वा फुटाच्या आसपास होतं. बारा इंचाची थाळी आत जाते पण कडेला सारखी घासते आणि गोण फाटते. उलट सहा इंचाची घेतली तर ती पातेऱ्यात भोक पाडत खाली जाते, बाजूचा पातेरा तसाच फुगलेला. अजून एक म्हणजे थाळी मोठी केली की तुमचा जोर जास्त जागेवर पसरतो. दांड्यावर ६० किलोचा माणूस रेलला तर दहा इंची थाळीखाली दर चौरस सेंटीमीटरला साधारण १२० ग्रॅम दाब पडतो, तोच माणूस बारा इंचीवर रेलला तर ८५ ग्रॅमच्या जवळपास. म्हणजे दोनच इंचाने एवढा फरक.

वजनाचंही असंच आहे. दहा इंची ५ मिमी थाळी जवळजवळ २ किलो भरते, वर पाइप आणि दांडा धरून तीन-साडेतीन. एवढं वजन असलं की थाळी स्वतःच्या वजनाने अर्धं काम करते, तुम्ही नुसती उचलून सोडायची. ३ मिमीची केली तर सव्वा किलोच्या आत येते, बायकांना आणि वयस्कर माणसांना ती बरी, पण मग खाली आडव्या-उभ्या पट्ट्या मारून घ्या नाहीतर थोड्याच दिवसात थाळीची बशी होते.

थाळीच्या मधोमध जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सहा इंचाचा तुकडा उभा वेल्ड करायचा, दांडा त्यात बसेल असा. चार इंचाचा पाइप चालेल असं वेल्डिंगवाला हमखास म्हणेल, ऐकू नका, दांडा तिथे हलतो आणि हलला की तोंडाशी मोडतो. पाइपाच्या चार बाजूंनी थाळीपर्यंत तिरके त्रिकोणी आधार मारून घ्या, सगळा ताण त्या जोडावरच येतो. पाइप आणि दांडा यांच्यातून आरपार एक भोक, त्यात ८ मिमीचा बोल्ट, आणि बोल्टला पाखरू नट, म्हणजे हाताने काढता-घालता येतो, पान्हा शोधत बसायला नको. आणि थाळीला दहा-बारा भोकं पाडून घ्या १२ मिमीची, ती विसरू नका. ओलसर पातेऱ्यावर भोकांशिवायची थाळी मारली की खाली हवा कोंडते, थाळी उचलताना चिकटते आणि वर येताना अर्धा पातेरा घेऊन येते. कडा ग्राइंडरने गोल करायला लावा, हात फिरवून बघा, बोटाला लागली तर गोणीलाही लागणार.

समुद्रकाठच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते आपण जाणतोच. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइल पेंट, आणि पावसाळ्यात थाळी दांड्यापासून काढून पाइपाच्या आत जळकं ऑइल चोळून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, टांगून ठेवा. दांडा तसाच आत ठेवला तर आश्विनात तो निघत नाही.

लोखंड नको असेल तर १८ मिमी मरीन प्लायच्या दोन गोल चकत्या एकमेकींवर स्क्रूने मारून, मध्ये प्लंबिंगच्या दुकानात मिळतो तो फ्लँज बसवून पण होतं. हलकी होते, जोर तुमचाच लागणार. परसातल्या बागेसाठी ठीक, पाच-पन्नास कलमं असतील तर लोखंडीच घ्या.

आता चेपायचं कसं. पातेरा खराट्याने ओढून ढीग केला की लगेच गोणीत कोंबू नका, आधी दंताळ्याने दोनदा उलटापालटा करा, लांबून, पायात गमबूट घालून. फुरसं, विंचू, जे काय असेल ते निघून जायला वेळ द्या. हाताने पातेरा कवळायची सवय सोडा, घमेलं किंवा सूप वापरा. आणि तरीही साप चावलाच तर बांधाबांधी, चिरा मारणं असले प्रकार न करता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, नाग-मण्यार-घोणस-फुरसं या चौघांवर एकच लस चालते त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची पण गरज नाही.

गोण उभी राहत नाही ही मोठी कटकट. तळ-तोंड कापलेला प्लास्टिकचा ड्रम मिळाला तर गोण त्याच्या आतून सोडून तोंड ड्रमाच्या काठावर दुमडून घ्या, मग एकटा माणूस पण काम करू शकतो. ड्रम नसेल तर चार बांबू पुरून चौकट करा. पातेरा वीतभर घालायचा, चेपायचा, परत वीतभर. पूर्ण गोण भरून मग वरून धमाधम मारणारे लोक आहेत, त्याने फक्त वरचा थर बसतो आणि खाली सगळं तसंच. आधी कडेकडेने गोल फिरत चार-पाच वेळा, मग मध्ये. आपटू नका, थाळी ठेवा आणि अंग टाका, मग क्षणभर थांबा. पानांना स्प्रिंगसारखं वर यायची खोड असते, दाब जरा धरून ठेवला की ती मोडते.

वेळ कुठली हे पण महत्त्वाचं, आणि इथे लोक दोन टोकं करतात. सकाळी दहिवर पडलेलं असताना पानं मऊ असतात, चेपली की चेपलेली राहतात, दुपारी तीच पानं कडकडीत होऊन चुरा होतो, धूळ नाकात जाते. म्हणून खड्ड्यात किंवा कलमांच्या आळ्यात त्याच दिवशी टाकायचा असेल तर सकाळीच चेपा. पण गोठ्यात गुरांखाली अंथरायला पावसाळ्यासाठी साठवायचा असेल तर दुपारचा, चांगला वाळलेला घ्या आणि चुरा झाला तरी होऊ द्या. ओलसर पातेरा गच्च भरून ठेवलात तर आत तापतो, बुरशी धरते, जून-जुलैत गोण उघडाल तेव्हा वासाने कळेल.

काय चेपू नये तेही सांगतो. माडाच्या झावळ्या तशाच घालू नका, आधी कोयत्याने हात-हातभर तोडा, आणि झावळीचं जाड बूड तर घालूच नका, ते वर्षभर तसंच राहतं. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, चेपत नाहीत, कितीही मारा परत फुगतात, ती आळ्यात उलटी मांडायला ठेवा. पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद पाती, एकात एक घालून वेगळ्या बांधा. बोगनवेल आणि करवंदीच्या फांद्या गोणीचं वाटोळं करतात. अंगठ्याहून बारीक काटकी चालते.

ज्यांच्याकडे खरोखर खूप पातेरा आहे त्यांनी गोणीच्या मागे न लागता साचा करावा, मला स्वतःला हेच जास्त आवडतं. फळ्यांची पेटी, आतून दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, तळ नाही, एक लांब बाजू कडी-कोयंड्याने उघडणारी. सपाट जागेवर ठेवायची, रिकामी असतानाच आत सुंभाचे दोन पदर आडवे टाकायचे, टोकं दोन्ही बाजूंनी वर काढून काठावर सोडायची. मग थर-थर पातेरा आणि थाळी. शेवटी वर एक फळी, पेटीच्या आत सैल बसेल अशी. फळीवर दाब द्यायला तरफ करा, म्हणजे जमिनीत एक खांब घट्ट पुरायचा, त्याला पाच फुटी वासा एका टोकाला बोल्टने अडकवायचा असा की वर-खाली होईल, आणि खांबापासून एक फुटावर वाशाखाली फळीवर उभा ठोकळा. तुम्ही वाशाच्या दुसऱ्या टोकाला २० किलोने दाबलंत तर फळीवर १०० किलो पडतात. दाब धरून ठेवायला वाशाला एक दगड टांगा, मग दोन्ही हात मोकळे, सुंभ ओढून गाठ मारा, कडी काढा, गठ्ठा बाहेर. प्लास्टिकची सुतळी वापरू नका, खड्ड्यात गठ्ठा टाकताना ती हमखास विसरते, सुंभ राहिला तरी कुजून जातो. हे गठ्ठे पडवीत किंवा मांगरात एकावर एक रचता येतात, फक्त चुलीपासून लांब.

आता खतवाल्यांसाठी. चेपणं हे वाहायला आणि साठवायला, कुजवायला नाही. गच्च गठ्ठा तसाच खड्ड्यात टाकला तर आत हवा जात नाही आणि आंबूस वास मारत तसाच पडून राहतो, आंब्याचं पान तर मुळात मेणचट आणि चिवट, लवकर दाद देत नाही. तर खड्ड्याशी नेऊन गठ्ठा मोडा, दंताळ्याने सुटा करा, वीतभर थर, त्यावर शेणकाला, वर मूठ-मूठ माती, आणि थाळी नुसती टेकवून बसवा, अंग टाकू नका. मुठीत घेऊन पिळलं तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा.

नाडेप टाकी असेल तर थाळीचा खरा उपयोग तिथे दिसतो. १० बाय ६ बाय ३ फुटांची ती जाळीची टाकी, यवतमाळकडच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची पद्धत, आपल्याकडे विटांऐवजी चिऱ्यात बांधतात. तिच्यात शेवटचे थर काठाच्या वर दीड फूट जातात आणि मग शेणमातीने लिंपायचं असतं, तो वरचा ढीग थाळीने चहूबाजूंनी हलका बसवून घेतला की लिंपण तडकत नाही. दोन-तीन आठवड्यात ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, परत भरायचा, परत लिंपायचं. पावसाळ्याआधी वर झाप (विणलेली झावळी) टाका, आपल्या पावसात उघड्या टाकीचं तळं होतं.

माडवाल्यांना एक वेगळं सांगणं आहे. कुजणाऱ्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या पांढऱ्या जाड्या वाकड्या अळ्या खताच्या ढिगात मिळतात आणि त्यातून निघालेला भुंगा माडाचा कोंब पोखरतो, नवीन झावळ उघडली की कातरल्यासारखी दिसते ती त्यामुळे. म्हणून ढीग माडांच्या बुंध्याशी लावू नका, खत उलटताना अळ्या वेचून मारा, आणि ढिगात मेटारायझियम ही बुरशी शेणकाल्यातून टाका, ती कृषी केंद्रात मिळते.

आळ्यात आच्छादन म्हणून टाकणार असाल तर थाळी हलक्या हाताने एकदाच फिरवा, वाऱ्याने उडू नये एवढंच. बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी पातेऱ्यातून सरळ सालीवर चढते.

भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला, लागतो तेवढा पातेरा बाजूला ठेवा, त्याला कोणी नाही म्हणत नाहीये, पण उरलेला बांधावर पेटवून देण्याआधी दुपारचा वारा कुठून येतो ते बघा, फाल्गुन-चैत्रात एका ठिणगीने शेजाऱ्याची काजूची बाग जाते. गठ्ठे जास्तच झाले तर आवाठात, म्हणजे शेजारपाजारच्या घरांत, विचारा, ज्यांची गुरं आहेत ते पावसाच्या तोंडावर घेऊन जातात, बदल्यात शेण मागायला लाजू नका.