पाहुणे होऊन नका जाऊ: लांबच्या नातेवाइकांकडे चार दिवस कसे राहावे

बऱ्याच वर्षांनी लांबच्या नातेवाइकांकडे जायचं ठरलं की घरात आधी यादी होते ती बघायच्या ठिकाणांची. तिथे पोचल्यावर रोज सकाळी सगळे नटूनथटून बाहेर पडतात, रात्री पाय ओढत परततात, आणि निघायच्या दिवशी गाडीत बसताना लक्षात येतं की ज्या काकूला भेटायला आलो तिच्याशी धड अर्धा तास बोलणं झालेलंच नाही. मी हे दोनदा केलंय. तिसऱ्या खेपेला यादी घरीच ठेवली.

१. तारीख त्यांना ठरवू द्या

"आम्ही अमुक तारखेला येतोय" असं कळवण्याऐवजी "पुढच्या दोन महिन्यांत तुम्हाला कधी बरं पडेल?" असं विचारा. मुलांच्या परीक्षा, कोणाची शस्त्रक्रिया, घराचं रंगकाम या गोष्टी माणसं आपणहून सांगत नाहीत, संकोचतात. न कळवता दारात उभं राहून चकित करायची हौस असेल तर ती आवरा. चकित होतात खरं, पण उशांचे अभ्रे बदललेले नसतात आणि त्या घरातल्या बाईचा पहिला तास त्या धावपळीतच जातो.

किती दिवस राहावं? माझं मत विचाराल तर एका घरी तीन रात्री. पोचल्याचा दिवस शिणवट्यात जातो, निघायचा आवराआवरीत. मधले दोन काय ते खरे. दुसऱ्या देशात जाणार असाल तर मात्र हिशेब बदलतो. शरीरातलं घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं, म्हणजे वेळेत पाच तासांचा फरक असेल तर रुळायला पाचेक दिवस लागतात. पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं हे घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित मोठं असतं. उशिरा झोपणं त्याला मानवतं, लवकर झोपणं नाही. तेव्हा पहिले दोन दिवस कोणाकडे रात्री जेवायला जायचं कबूल करू नका. ताटावर डुलक्या येतात आणि यजमानाला वाटतं, आपलं बोलणंच कंटाळवाणं आहे. पासपोर्टही आत्ताच उघडून बघा. पुष्कळ देश त्याची मुदत अजून निदान सहा महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात.

२. "काय आणू?" असं विचारू नका

याचं उत्तर ठरलेलं असतं: "काही नको, तुम्ही या फक्त." त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. तिकडे काय मिळत नाही? आणि घरात काय बिघडून पडलंय?

दुसऱ्या प्रश्नावर माझी आत्या आधी हसली. मग म्हणाली, "अगं, मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि कपाटाचं दार केव्हापासून लागत नाहीये." मी पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर टाकला. बिजागरीचे दोन स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागली, फोनवरची अक्षरं मोठी करायला त्याहून कमी. नेलेली शाल तिने घडी न मोडता ठेवून दिली. कपाटाचं दार मात्र रात्रीपर्यंत तीनदा उघडून-लावून बघितलं.

हे दोन प्रश्न विचारायला फोन कराल तेव्हाच बाकीचंही विचारून घ्या: जिने किती चढायचे, जेवणाच्या वेळा काय, घरात कुत्रं-मांजर आहे का. तुमच्यापैकी कोणाला काय चालत नाही तेही आधीच सांगा. पानावर बसल्यावर सांगितलेलं पथ्य सगळ्यांनाच अवघड करतं.

३. सामान

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. विमानाने जात असाल तर पॉवर बँकही हातातच. ती सामानकक्षात टाकायला मनाई असते. आणि एक पिशवी अर्धी रिकामी न्या. परतताना ती रिकामी राहत नाही.

४. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी

गाडी लागते ती दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त, तान्ह्यांना क्वचितच. कारण गमतीचं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगतो, आपण हलतोय. पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये घातलेले डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळतं. म्हणजे मूल गप्प बसावं म्हणून हातात दिलेला मोबाइलच बऱ्याचदा घात करतो. त्याला खिडकीतून लांबवर बघायला लावा, काच थोडी खाली करा, निघण्याआधी थोडंसंच खायला द्या, उपाशीही नको. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्यापूर्वी. उलटी सुरू झाल्यावर गोळी देण्यात अर्थ नसतो.

विमान उतरू लागलं की तान्ह्या बाळाला दूध पाजा. गिळताना कानातला दाब मोकळा होतो आणि ती कानठळ्या बसवणारी रडारड पुष्कळदा टळते. झोपलं असेल तर उतरण सुरू होताना उठवलेलं बरं, कारण झोपेत आपण कमी गिळतो.

५. पोचल्यावर मुलांना ढकलू नका

"जा, आजोबांकडे जा! अरे, लाजतोस काय, रोज तर फोनवर बोलतोस!" हे प्रत्येक दारात ऐकू येतं. साधारण आठव्या महिन्यापासून मूल अनोळखी माणसाला बिचकायला लागतं, आणि ते वाढीचंच लक्षण आहे. त्याहून मोठ्यांचं म्हणाल तर फोनवरचे आजोबा हाताएवढे असतात. समोर उभे असतात ते दाराएवढे.

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा दीड तास माझ्या ओढणीचं टोक धरून होता. आजोबा शहाणे. त्यांनी हाक मारली नाही की खाऊ दाखवला नाही. खुर्चीत बसून चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसायला लागले. एक काच झाली. दुसरी काच पुसत असताना पोरगं दोन पावलं पुढे गेलं होतं. मग आजोबांनी चष्मा उजेडाकडे धरून स्वतःशीच म्हटलं, "अजून डाग आहे वाटतं." "कुठंय?" असं विचारत तो सरळ त्यांच्या गुडघ्याशी जाऊन उभा राहिला.

६. काम विचारू नका, उचला

या लेखातली हीच पायरी माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. "काही मदत करू का?" हा प्रश्न म्हणजे नुसती रीत, उत्तर येतं, "छे, तू बस." त्यामुळे कामाचं नाव घेऊन बोला. "भांडी मी पुसते, कुठलं कुठे ठेवायचं ते तू सांग." मग ती शेजारी उभी राहते, सांगते, आणि सांगता सांगता भलतंच काहीतरी निघतं: या डब्याचं झाकण हरवलं तेव्हाची गोष्ट, हा पेला कोणी कोणाला दिला होता त्याची गोष्ट. समोरासमोर सोफ्यावर बसून जे बोलणं तासाभरात संपतं, ते हाताला काम असलं की संपत नाही.

दिनक्रमही त्यांचाच ठेवा. काका सकाळी फिरायला जात असतील तर त्यांच्याबरोबर जा, त्यांच्या चालीने. वाटेत ते कुठे थांबतात, कोणाला हात करतात, कुठल्या बाकावर दम खातात, हे बघण्यात जी मौज आहे ती मला तरी कुठल्या प्रेक्षणीय स्थळी मिळालेली नाही. दुपारी सगळे आडवे होत असतील तर तुम्हीही व्हा. बाहेर जायचंच असेल तर चार दिवसांत एक फेरी, आणि तीही घरच्यांना जायचं असेल तिथे.

मात्र एवढं सांभाळा: कपाटं आवरायला घेऊ नका, स्वयंपाकघराची मांडणी सुधारू नका. तुम्ही गेल्यावर चमचे शोधत बसावं लागतं त्यांना.

७. कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका

वय वाढतं तसे आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ असे वर्ण निसटतात आणि शब्द अर्धवट पोचतो. "ऐकू येतं पण कळत नाही" असं आजी म्हणते तेव्हा ती अगदी नेमकं सांगत असते. ओरडल्याने आवाज आणखी फाटतो. टीव्ही बंद करा, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असे समोर बसा, आणि थोडं सावकाश, खालच्या पट्टीत बोला. तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर शब्द बदलून सांगा.

विसरायला होत असलेल्या माणसासमोर "ओळखलंत का मला?" ही परीक्षा घेऊ नका. नापास होण्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसते, आणि ती फार वाईट दिसते. आपणच सांगा: "मी सुमनची मुलगी, तुमची भाची." अशा कित्येकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, म्हणून बोलायला सकाळी बसा.

८. फोटो आणि आवाज

एक दुपार जुन्या अल्बमला द्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. अल्बम खिडकीशी न्या, फ्लॅश बंद करा आणि पानावरच फोनने टिपा. सुट्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हात अजिबात न दाबता. पेनाची शाई पसरते आणि पुढच्या बाजूला वळ उठतात. फोटोत कोण आहे ते सांगणारं माणूस घरात बहुधा एकच उरलेलं असतं.

ते माणूस बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग लावा, त्यांना विचारून. फोन विमान मोडवर टाका, हातभर अंतरावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि पंखा बंद करा. ही शेवटची गोष्ट मी विसरले होते. आत्याच्या लहानपणाची चाळीस मिनिटं माझ्याकडे आहेत. त्यात पंखा स्वच्छ ऐकू येतो, आत्या मधूनमधून. आता आधी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ऐकते, मगच पुढे जाते. "तुमच्या आठवणी सांगा" असं म्हटलं की माणूस बावचळतो, "शाळेत जाताना वाटेत काय काय लागायचं?" असं विचारलं की थांबत नाही. घरी आल्यावर फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

९. निघताना

आदल्या रात्री पांघरुणांच्या घड्या घाला, बॅगा भरून दाराशी ठेवा, म्हणजे शेवटची सकाळ शोधाशोधीत जात नाही. निरोप लांबवू नका. म्हातारी माणसं फाटकाशी उभी असतात आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत आत जात नाहीत. काढलेल्यांपैकी चारपाच फोटो आठवडाभरात कागदावर छापून पाठवा.

आणि घरी पोचल्या पोचल्या फोन करा, मेसेज नव्हे. कितीही रात्र झालेली असू दे. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला जातो, आणि पलीकडून आवाज येतो, "नाही गं, झोपले नव्हतेच अजून."